शिक्षा संपली, पण बंदूक आयुष्यभर बंद : अमेरिकेतली शिकार, जुना गुन्हा आणि आपली मुलं

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेदहाला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पोरगा अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात नोकरीला आहे, एच-वन-बी व्हिसावर. दुआ-सलाम झाली, घरच्यांची खुशाली झाली, मग म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचात, म्हणून तुम्हालाच विचारतो. माझ्याबरोबर काम करणारा एक माणूस मला हरणाच्या शिकारीला चल म्हणतोय. तरुणपणी चोरीच्या एका प्रकरणात त्याला शिक्षा झाली होती. सरकारने त्याला शिकारीचा परवाना दिलाय, पण बंदुकीला हात लावायची बंदी आहे. म्हणून तो धनुष्यबाणाने शिकार करतो. हे असं कसं? आणि तो म्हणतो, माझ्या भावाची रायफल तुझ्या गाडीच्या डिकीत ठेवू. ठेवू का?"

आम्ही त्याला तिथल्या तिथे एवढंच सांगितलं, "बेटा, डिकी उघडू नको. दोन दिवस थांब."

आम्ही वकील नाही. पण त्या दोन दिवसांचे पुढे दोन आठवडे झाले, कारण वाचायला बसलो आणि गुंता वाढतच गेला. अमेरिकेतले कायदे आणि कोर्टाचे निकाल कुणालाही वाचायला खुले असतात, फक्त चिकाटी हवी. आपल्या मोहल्ल्यातली, आपल्या कोकणातली आणि मराठवाड्यातली कितीतरी मुलं आज तिकडे आहेत. म्हणून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. तिथे शिकारीचा परवाना वेगळा आणि हत्याराचा हक्क वेगळा. शिकारीचा परवाना राज्य सरकारचं वन्यजीव खातं देतं. कोणत्या जनावराची, कोणत्या महिन्यात, किती शिकार करायची हे तो परवाना सांगतो. बहुतेक राज्यांत जुन्या शिक्षेमुळे हा परवाना अडत नाही. बेकायदा शिकार केली तर मात्र तो जातो, आणि राज्याराज्यांत आपसात करार असल्याने एका राज्यात रद्द झालेला परवाना शेजारच्या राज्यातही चालत नाही. बंदूक बाळगायची की नाही हे मात्र देशाचा कायदा ठरवतो, आणि त्याच्या जोडीला प्रत्येक राज्याचा आपला कायदा असतो. म्हणजे एकाच माणसाच्या खिशात शिकारीचा परवाना असतो आणि हातात बंदूक आली तर तुरुंग, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

देशाचा कायदा म्हणजे १९६८ चा बंदूक नियंत्रण कायदा. त्याआधी १९३८ मध्ये हिंसक गुन्ह्यांपुरती बंदी होती, १९६१ मध्ये ती इतर गंभीर गुन्ह्यांपर्यंत वाढवली. आजच्या कायद्याप्रमाणे, ज्या गुन्ह्याला एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकते अशा गुन्ह्यात जो दोषी ठरला, त्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही. बंदीला मुदत नाही, ती आयुष्यभराची. तिकडे अशा गंभीर गुन्ह्याला फेलनी म्हणतात आणि हलक्या गुन्ह्याला मिसडिमीनर.

इथे "होऊ शकते" हे शब्द महत्त्वाचे, वर्गात असतो तर फळ्यावर अधोरेखित केले असते. प्रत्यक्षात किती शिक्षा भोगली याला काहीच अर्थ नाही. एक दिवसही जेल पाहिली नसेल तरी बंदी लागते. गुन्ह्याच्या नावालाही फारसा अर्थ नाही. राज्याने ज्याला मिसडिमीनर म्हटलं आहे त्याला दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असेल तर सूट मिळते, दोन वर्षांच्या वर असेल तर नाव हलकं असूनही माणूस बंदीत येतो. घरातल्या मारहाणीचा गुन्हा मात्र कितीही हलका असो, १९९६ पासून त्यालाही बंदी आहे. आणि गंमत बघा, मोठ्या कंपन्यांनी संगनमत करून भाव वाढवले, व्यापारात मक्तेदारी केली, अशा गुन्ह्यांना त्याच कायद्यात सूट आहे. बाजाराला लुटणारा शिकारीला जाऊ शकतो. असो.

२०२२ पर्यंत बंदी मोडल्याची शिक्षा जास्तीत जास्त दहा वर्षं होती, त्या वर्षी ती पंधरा केली. काडतुसावरही तीच बंदी, त्यामुळे जुन्या जॅकेटच्या खिशात राहिलेलं एक काडतूसही पुरेसं आहे.

मग तो सहकारी शिकार कशाने करतो? धनुष्यबाणाने, किंवा क्रॉसबोने. देशाच्या कायद्यात बंदूक म्हणजे स्फोटक दारूच्या जोराने गोळी फेकणारं हत्यार. बाण दारूने सुटत नाही, म्हणून तो या व्याख्येत बसत नाही. हवेच्या दाबावर चालणारी छर्र्याची बंदूकही देशाच्या व्याख्येत बसत नाही, पण शेजारच्या न्यू जर्सी राज्याच्या व्याख्येत बसते. पूल ओलांडला की तीच वस्तू गुन्हा.

आणखी एक पळवाट आहे, ती आपल्या कोकणातल्या वाचकांना लगेच समजेल. ठासणीची बंदूक! नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची ती. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुका, आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या, तयार काडतूस न घेणाऱ्या ठासणीच्या बंदुका देशाच्या कायद्याने "पुरातन" मानल्या आहेत. त्यांना ही बंदी लागू नाही. शिक्षा झालेले कित्येक जण म्हणूनच ठासणीची बंदूक घेऊन रानात जातात. पण प्रत्येक राज्य हे मानत नाही, आणि आधुनिक रायफलच्या सांगाड्यावर ठासणीची नळी बसवली असेल तर देशाचा कायदाही मानत नाही. शिवाय माणूस प्रोबेशनवर किंवा पॅरोलवर असेल तर त्याच्या अटींत कोणतंही हत्यार नको असं लिहिलेलं असू शकतं. मग धनुष्यही गेलं.

उलटा सापळाही आहे. टेक्सास राज्याचा कायदा म्हणतो, सुटकेनंतर पाच वर्षं झाली की शिक्षा झालेल्या माणसाने आपल्या राहत्या घरात बंदूक ठेवली तर चालेल. लोक हे वाचतात आणि निर्धास्त होतात. पण देशाचा कायदा तरीही नाहीच म्हणतो. राज्याचा पोलीस सोडेल, देशाचा वकील पकडेल. कायदा अर्धा वाचणं हे न वाचण्यापेक्षा वाईट, हे आम्ही दहावीच्या मुलांना प्रश्नपत्रिकेबद्दल सांगतो, इथेही तेच लागू पडतं.

आता डिकीची गोष्ट.

"बाळगणे" या शब्दाचा अर्थ हातात धरणे एवढाच नाही. वस्तू कुठे आहे हे ठाऊक असणं आणि ती हवी तेव्हा ताब्यात घेता येणं, हेही कोर्टाच्या नजरेत बाळगणंच. बायकोच्या नावाची बंदूक उघड्या कपाटात असेल आणि नवऱ्याला बंदी असेल, तर नवरा अडकू शकतो. गाडीत शेजारी बंदी असलेला माणूस बसलाय आणि मागे रायफल आहे, तर पोलिसाने गाडी थांबवल्यावर पहिला प्रश्न हाच येणार. दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. समोरच्याला बंदी आहे हे माहीत असून त्याला बंदूक देणं हाही पंधरा वर्षांपर्यंतचा गुन्हा. त्याच्यासाठी आपल्या नावावर विकत घेणं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बेनामी खरेदी, तिलाही २०२२ पासून वेगळं कलम आहे आणि तेवढीच शिक्षा.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तिसरी गोष्ट होती आणि ती त्याला मुळीच माहीत नव्हती. बंदी फक्त शिक्षा झालेल्यांना नाही. त्याच कलमात, त्याच यादीत, तात्पुरत्या व्हिसावर आलेले परदेशी लोकही आहेत. विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी, पर्यटक व्हिसा, सगळे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. म्हणजे ज्या सहकाऱ्याच्या जुन्या गुन्ह्याबद्दल हा पोरगा आश्चर्य करत होता, कायद्याच्या त्याच पानावर तो स्वतःही उभा होता, कसलाही गुन्हा न करता.

या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला सर्वसामान्य माणसाच्या कामाचा अपवाद ऐकून आम्हीही चकित झालो : ज्याच्याकडे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना आहे, त्या व्हिसाधारकाला बंदूक बाळगता येते. शिक्षा झालेल्या अमेरिकन माणसाला शिकारीचा परवाना बंदुकीचा हक्क देत नाही, आणि व्हिसावरच्या हिंदुस्थानी पोराला तोच कागद तो हक्क देतो. आमच्या विद्यार्थ्याकडे परवाना नव्हता. परवान्याआधी बहुतेक राज्यांत शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तोही त्याने केलेला नव्हता. म्हणजे डिकीत रायफल ठेवली असती तर ती भावाची असो की सहकाऱ्याची, गुन्हा याच्या नावावरही लागू शकला असता. आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं, असं तिथल्या स्थलांतर कायद्यात स्पष्ट आहे. दहा वर्षांची मेहनत, आई-वालिदांनी काढलेलं शिक्षणाचं कर्ज, सगळं एका शनिवारच्या सहलीवर टांगलेलं.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. असं घडलेलं आहे. संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आलेल्या हमीद रेहाइफ या विद्यार्थ्याला कमी गुणांमुळे विद्यापीठाने काढून टाकलं. तो देशात राहिला आणि एकदा नेमबाजीच्या केंद्रावर जाऊन दोन बंदुका चालवून आला. एवढ्यावर खटला झाला आणि अठरा महिन्यांची शिक्षा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की बंदूक बाळगली एवढं दाखवून चालणार नाही, आपण बंदी असलेल्यांच्या यादीत मोडतो हे त्या माणसाला ठाऊक होतं हेही सरकारने सिद्ध करायला हवं. एका परदेशी विद्यार्थ्याच्या या निकालाचा फायदा जुनी शिक्षा असलेल्या अमेरिकन आरोपींनाही मिळाला, कारण कलम एकच. मात्र ज्याला आपल्या गंभीर गुन्ह्याची शिक्षा ठाऊक आहे तो "मला माहीत नव्हतं" असं सहसा म्हणू शकत नाही.

जाता जाता एक बाब. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं की परदेशातल्या कोर्टाने दिलेली शिक्षा या बंदीसाठी मोजायची नाही. प्रकरण जपानमध्ये झालेल्या शिक्षेचं होतं. म्हणून भारतातला जुना निकाल या कलमात येत नाही. व्हिसा आणि नागरिकत्वाच्या अर्जात मात्र तो लपवायचा नसतो, त्या फॉर्मचे प्रश्न वेगळे.

आता खरा प्रश्न. सगळ्यांनाच आयुष्यभर बंदी का? खून केलेल्याला बंदूक नको, यावर कुणाचं दुमत नसावं. पण ब्रायन रेंज या माणसाची गोष्ट ऐका. तोही पेन्सिल्व्हेनियाचाच.

१९९५ साली तो लोकांच्या अंगणातलं गवत कापून तासाला नऊ-साडेनऊ डॉलर कमवत होता. घरात बायको आणि तीन मुलं. फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे आपल्याकडच्या रेशनसारख्या मदतीसाठी, बायकोने अर्ज भरला, त्यात कमाई कमी दाखवली, दोघांनी सही केली. मदत मिळाली २,४५८ डॉलरची. पकडल्यावर त्याने गुन्हा कबूल केला, पैसे परत केले, शंभर डॉलर दंड भरला, तीन वर्षं प्रोबेशनवर काढली. जेल नाही. गुन्ह्याचं नाव मिसडिमीनर. पण त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, म्हणून बंदी लागली. त्याला ते ठाऊकही नव्हतं. १९९८ मध्ये बंदूक घ्यायला गेला तर तपासणीत नाव अडकलं. बायकोला वाटलं काहीतरी चूक झाली असेल, तिने त्याला हरणाच्या शिकारीसाठी रायफल आणून दिली. पुढे काही वर्षांनी पुन्हा तेच घडलं. खरं कारण कळलं तेव्हा त्याने आपली रायफल बंदुकीच्या दुकानदाराला विकून टाकली. पुढच्या आयुष्यात त्याच्या नावावर काय, तर वाहतुकीचे किरकोळ दंड आणि विनापरवाना मासेमारीचा एक दंड.

२०२० मध्ये तो कोर्टात गेला. म्हणणं साधं होतं : मला शिकार करायची आहे, घराचं रक्षण करायचं आहे, आणि पंचवीस वर्षांपूर्वी मी खोटा अर्ज दिला याचा बंदुकीशी संबंध काय? खालच्या कोर्टात हरला. फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयात पूर्ण पीठापुढे २०२३ मध्ये अकरा विरुद्ध चार मतांनी जिंकला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे रहीमी खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला होता, त्यात दुसऱ्याच्या जिवाला धोका असलेल्या माणसाकडून बंदूक तात्पुरती काढून घेता येते असं म्हटलं होतं. त्या प्रकाशात पुन्हा बघा म्हणून प्रकरण परत आलं. डिसेंबर २०२४ मध्ये रेंज पुन्हा जिंकला, या वेळी तेरा विरुद्ध दोन. पण न्यायालयाने बजावलं की हा निकाल फक्त याच्यापुरता आहे. याचा अर्थ पेन्सिल्व्हेनियातल्या इतरांची बंदी आपोआप उठली असा घेऊ नये. आमच्या विद्यार्थ्याच्या सहकाऱ्याचीही नाही.

दुसरीकडे युटा राज्यातल्या मेलिंडा व्हिन्सेंट यांचं प्रकरण. पाचशे डॉलरच्या आतल्या खोट्या चेकबद्दल त्या दोषी ठरल्या होत्या. नंतर आयुष्य सावरलं, समाजसेवेचं काम हाती घेतलं. त्यांच्या भागातल्या अपील न्यायालयाने बंदी कायम ठेवली. रेशनच्या अर्जातलं खोटं आणि दुकानातला खोटा चेक, यात फार फरक आम्हाला दिसत नाही. फरक एवढाच की एक माणूस एका न्यायालयाच्या हद्दीत राहतो आणि दुसरी दुसऱ्या.

या खटल्यांमधली एक बाब आम्हाला, अल्पसंख्याक समाजातले म्हणून, फार बोचली. २०२२ पासून तिथे नियम असा की बंदुकीवरच्या आजच्या बंधनाला इतिहासात आधार दाखवावा लागतो. मग सरकारी वकील आधार म्हणून काय दाखवतात? इंग्लंडमध्ये आणि वसाहतींत कॅथलिकांची हत्यारं काढून घेणारे कायदे, मूळ रहिवाशांना आणि गुलामांना हत्यार नाकारणारे कायदे. हे कायदे चुकीचे होते असं ते म्हणतात आणि दाखलाही त्यांचाच देतात. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या काळ्या माणसांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई केली होती, तोही याच इतिहासाचा भाग. आपल्याकडे १८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा असाच होता, हिंदुस्थानी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट. "धोकादायक कोण" हे ठरवणारा कोण आहे, यावर सगळं अवलंबून असतं. एमी कोनी बॅरेट अपील न्यायालयात असताना, २०१९ मध्ये, त्यांनी एका मतभेदाच्या निकालपत्रात लिहिलं होतं की इतिहास धोकादायक माणसांकडून हत्यार काढून घेण्याला आधार देतो, सरसकट सगळ्या गुन्हेगारांना नाही. ते प्रकरण मेडिकेअर योजनेतल्या फसवणुकीचं होतं. आज त्या सर्वोच्च न्यायालयात आहेत.

बंदी उठवून घेण्याचा रस्ता कागदावर पहिल्यापासून आहे. गव्हर्नरची किंवा राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली, राज्याने शिक्षेची नोंद पुसली, नागरी हक्क परत दिले, तर बंदी जाऊ शकते. थेट केंद्राकडे अर्ज करण्याचीही सोय कायद्यात आहे. पण १९९२ पासून संसदेने त्या कामाला पैसाच दिला नाही. खिडकी आहे, पाटी आहे, आत कारकून नाही! आपल्या वाचकांना हे चित्र नवं नसावं. २०२५ मध्ये न्याय विभागाने हे काम दुसऱ्या मार्गाने पुन्हा सुरू केलं आहे. सर्वसामान्य माणसाला त्याचा किती उपयोग होतो ते पुढे दिसेल.

आपल्याकडे काय? आपल्याकडे बंदूक हा हक्कच नाही, परवाना आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ९ प्रमाणे हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं हत्यार बाळगता येत नाही. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून दिला असेल तर त्या बाँडच्या मुदतीतही नाही. पाच वर्षांनंतर अर्ज करता येतो, पण तो नाकारायला अधिकाऱ्याच्या हातात भरपूर जागा आहे. शिकारीचा तर प्रश्नच मिटलेला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे. डुकरं शेत उद्ध्वस्त करत असतील तर खात्याच्या लेखी परवानगीनेच काय ते. म्हणून "गावाकडे आम्ही जायचो की" हा हिशेब घेऊन कुणी तिकडच्या रानात जाऊ नये. तिथे शिकार हा सणासारखा प्रकार आहे. पेन्सिल्व्हेनियात हरणांच्या हंगामात कितीतरी शाळांना सुट्टी असते, हे ऐकून आमच्या शाळेतली पोरं भलतीच खूश झाली.

शेवटी आमच्या विद्यार्थ्याने रायफल डिकीत ठेवली नाही. सहकाऱ्याला स्पष्ट सांगितलं, माझा व्हिसा आहे आणि माझ्याकडे परवाना नाही. तो माणूस क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, बरं झालं सांगितलंस, ती तुझ्या गाडीत असती तर मलाही तुझ्या शेजारी बसता आलं नसतं. भाऊ आपली रायफल घेऊन आपल्या गाडीने वेगळा गेला. हे दोघे धनुष्य आणि चहाचा थर्मास घेऊन दुसऱ्या गाडीने. हरीण मिळालं नाही. मिळालं असतं तर ते हलाल कसं करायचं असा प्रश्न पोराने फोनवर काढला होता, त्याला आम्ही मुफ्तीसाहेबांचा नंबर दिला. आता तो शिकारीचा अभ्यासक्रम करतोय, परवाना हातात आल्याशिवाय कुणाच्याही बंदुकीला हात लावणार नाही म्हणतो. आणि राज्यातल्या वकिलाला एकदा फी देऊन विचारून घे, असं आम्ही त्याला बजावलं आहे, कारण मास्तरचा सल्ला फुकट असतो आणि कोर्टात तो चालत नाही.